‘आई, मला घेऊन जा’ : एनडीएतल्या मुलाचा रविवारचा फोन आणि घरच्यांचं काम

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. मुलगा जुलैत खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, दाखल झाला. पहिले काही आठवडे फोनवर बरा होता. गणपतीच्या दिवसांत मात्र रडला, ‘आई, मला घेऊन जा’ म्हणाला. पोहण्याच्या चाचणीत नापास झालाय. पाय दुखतो म्हणाला आणि लगेच ‘काही नाही गं, सोड’ म्हणून विषय बदलला. वडील रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत. निवड झाली तेव्हा सोसायटीच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता, त्यामुळे ते म्हणतात, परत आला तर लोकांना तोंड कसं दाखवायचं. आजी म्हणते, आत्ताच्या आत्ता गाडी काढा. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: त्याला आणावं का, त्याच्या अधिकाऱ्यांशी बोलावं का, आणि ‘विश्वास ठेवा’ असं सगळे सांगतात तर तो ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आत्ता आणू नका. अधिकाऱ्यांशी बोलायची वेळ आली तर पायाबद्दल बोला, रडण्याबद्दल नको. तिसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ द्या.

मी सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं ड्रिलच्या मैदानावर गेली, आधी बेळगावला रिक्रूटांबरोबर, नंतर अकादमीत कॅडेटांबरोबर. पोरं आम्हाला ‘उस्ताद’ म्हणतात आणि आम्ही त्यांना ओरडताना देखील ‘साहब’ म्हणतो, कारण आज ज्याला घाम फोडतोय तो चार वर्षांनी आपला अधिकारी असणार, आणि खांद्यावर तारे लागल्यावर त्याला पहिला कडक सॅल्यूट आम्हीच ठोकणार. आता कळव्याला राहतो. खारेगाव, विटावा, ऐरोली, दिघा इथली भरतीची तयारी करणारी मुलं सकाळी धावायला येतात, त्यांचे आईवडीलही येतात. पोरांपेक्षा आईवडिलांचे प्रश्न जास्त असतात.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य रडण्याचं वाटलं नाही. पाय दुखतो म्हणाला आणि मग विषय बदलला, हे वाटलं. पहिल्या टर्ममध्ये, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत, रडत नाही असा कॅडेट विरळा. पण दुखणं लपवणारा कॅडेट आम्हाला जास्त काळजीत टाकतो.

नव्या मुलांच्या नडगीचं दुखणं साधारण दोन तऱ्हांचं असतं. एक नडगीच्या कडेने लांबवर पसरलेलं, सकाळी जास्त आणि अंग गरम झालं की कमी होणारं. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. धावणं थोडं कमी केलं, बूट नीट बघितले, बर्फ लावला की बहुतेकांचं बरं होतं. दुसरं एकाच जागी, अगदी बोट ठेवून दाखवता येईल असं. ते धावताना वाढत जातं आणि पुढे पुढे नुसतं चालताना, रात्री आडवं झाल्यावरही ठणकतं. हे हाडाला बारीक तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. कारण सरळ आहे. बारावी आणि यूपीएससीच्या अभ्यासात मुलगा वर्ष-दोन वर्षं खुर्चीला चिकटून होता. आता तो पहाटेपासून रात्रीपर्यंत पायावर असतो, जिथे जाईल तिथे पळत किंवा सायकलवर जातो आणि कडक बुटांनी ड्रिल स्क्वेअरवर टाचा आपटतो. हाडालाही सवय होते, पण तिला वेळ लागतो, आणि वेळापत्रक तेवढं थांबत नाही. सुरुवातीच्या एक्स-रेत हा तडा दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये लवकर दिसतो. वेळीच कळलं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागतं. दात-ओठ खात त्यावरच धावत राहिलं तर हाड पूर्ण मोडू शकतं, मग ऑपरेशन गळ्यात आणि टर्मही बुडते.

पोरं लपवतात ती भीतीपोटी. एमआय रूममध्ये, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, गेलं, डॉक्टरांनी ‘अटेंड सी’ लिहिलं, म्हणजे मैदानावरचं सगळं बंद. मग चाचण्या बुडणार, सोबतचे म्हणणार हा कामचोर, टर्म मागे जाणार. म्हणून दोन गोळ्या घेतात आणि पुन्हा फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभे राहतात. तेव्हा पुढच्या फोनमध्ये एवढंच विचारा: एका बोटाने जागा दाखवता येते का? रात्री दुखतं का? दोन्हींना ‘हो’ म्हणाला तर सांगा, उद्या सकाळी एमआय रूम. नाही गेला, तर मग तुम्ही त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरना, म्हणजे त्याच्या गटाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना, फोन करा आणि फक्त हे आणि एवढंच सांगा. साहेब, मुलाची नडगी एका जागी दुखते आहे, तो सांगत नाहीये. त्याने मुलाचं नाव खराब होत नाही. कॅडेटचं दुखणं वेळेत कळावं हे त्या अधिकाऱ्यालाही हवंच असतं, पुढे काही झालं तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं. जवळच मिलिटरी हॉस्पिटल आहे, जास्त काही असेल तर पुण्याचं कमांड हॉस्पिटल आहे, सोय चांगली आहे.

असाच एक सांगून ठेवण्यासारखा मुद्दा म्हणजे लघवीचा रंग. खूप श्रमानंतर ती काळ्या चहासारखी गडद झाली आणि सोबत अंग प्रचंड दुखत असेल, तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. तिथे ‘सहन कर’ हा सल्ला घातक आहे, त्याच क्षणी डॉक्टर.

आता रडण्याकडे येतो.

एनडीएत एका कोर्सला, म्हणजे एका बॅचला, साधारण ३७० जागा असतात आणि परीक्षेला लाखो मुलं बसतात. म्हणजे तुमचा मुलगा जिथे गेलाय तिथे प्रत्येकजण आपापल्या शाळेतला पहिला-दुसरा. आयुष्यात पहिल्यांदा तो मधल्या किंवा शेवटच्या रांगेत उभा आहे. पहाटे उठायचं, दाढी, बूट, पलंग, सगळं मिनिटांवर. पीटी, ड्रिल, मग वर्ग, तिथे डोळे मिटतात. जेएनयूची पदवी मिळते तिथे, म्हणजे अभ्यास काही नावापुरता नाही. संध्याकाळी खेळ, मग पुन्हा अभ्यास, आणि मधल्या फटींमध्ये सीनियरांचा रगडा. एकाने चूक केली की सगळ्यांनी फ्रंट रोल. पट्टी परेड म्हणजे पाच मिनिटांत हा गणवेश, पुढच्या पाच मिनिटांत तो, पुन्हा पहिला. हे सगळं मुद्दाम घाईचं आणि गोंधळाचं ठेवलेलं असतं, कारण पुढे गोंधळातच डोकं शाबूत ठेवायचं आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला त्यातलं एवढंच कळतं की मला काहीच जमत नाहीये.

मग रविवारी तुमचा आवाज ऐकू येतो आणि बांध फुटतो. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई वाटेत भारा टेकवते, तेव्हा तो कुणी विकत घ्यावा म्हणून नाही टेकवत, तिला मान मोकळी करायची असते. ‘मला घेऊन जा’ हे बहुतेक वेळा असंच वाक्य असतं. तुम्ही घाबरून गाडी काढली, तर त्याला कळतं की आईलाही वाटतंय मला हे पेलणार नाही. तिथे तो खरा खचतो.

रविवारचा फोन कसा झाला ते सोमवारी ड्रिल स्क्वेअरवर बरेचदा दिसायचं. घरी आई रडली असेल तर मुलगा कमांड ऐकून न ऐकल्यासारखा, ‘थम’ म्हटल्यावर एक पाऊल पुढे. बापाने झापलं असेल तर दात आवळून, ताठरलेला, तोही चुकतो. आणि काही पोरं हलकी होऊन यायची. ब्रेकमध्ये अशा एकाला विचारलं, साहब, घरी काय बोलणं झालं? तर म्हणाला, ‘कुछ खास नहीं उस्ताद, घर पे नया पंखा लगा है.’ मला त्या घरचं कौतुक वाटलं. त्यांनी पोराला पंख्याची बातमी दिली, म्हणजे घर आपल्या जागी आहे आणि तूही आपल्या जागी आहेस, हे न बोलता सांगितलं.

तर फोनवर आधी त्याला बोलू द्या. पहिली पाच मिनिटं उपाय सुचवू नका. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ वगैरे तर मुळीच नको. ते त्याला आम्ही मैदानावर दिवसभर वेगवेगळ्या शब्दांत ऐकवतच असतो. रडला तर रडू द्या, फोन धरून ठेवा. मग बारीकसारीक विचारा. बाजूच्या केबिनमधला कुठला आहे? मेसमध्ये सगळ्यांत बरं काय मिळतं? कोणत्या उस्तादाला जास्त घाबरता? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण हसतात, आमची नक्कल करायला लागतात. नक्कल करायला लागला की समजा पोरगं सावरतंय. मग घरचं सांगा, धाकटीने तुझी सायकल घेतली, मखर यंदा कोणी केलं, गौरीच्या जेवणाला कोण कोण आलं. ‘तुझ्याशिवाय सण सुना गेला’ हे एकदा म्हणा हवं तर, दर रविवारी नको. आणि तुमच्या खस्ता मोजू नका. क्लासची फी भरायला काय काय केलं, हे त्याला ठाऊक आहे, तेच तर त्याच्या छातीवर बसलंय.

मोठी बातमी मात्र लपवू नका. आजीला काही झालं, वडिलांची नोकरी गेली, तर ‘त्याला डिसेंबरात सांगू’ म्हणणारे पालक मी पुष्कळ पाहिले. पोरगं सुट्टीत घरी येतं आणि भिंतीवर हार घातलेला फोटो बघतं. त्यानंतर आयुष्यभर फोनवर आई ‘सगळं ठीक’ म्हणाली की त्याच्या पोटात गोळा येतो. सीमेवर असताना सुद्धा. अशी बातमी आधी डिव्हिजनल ऑफिसरना सांगा, ते त्याला जवळ बसवून सांगतील किंवा फोन जोडून देतील, शक्य असेल तर रजेचंही बघतील.

आता वडिलांसाठी. दादा, फ्लेक्सचं म्हणालात ते अगदी खरं आहे. आपल्याकडे ठाण्या-नवी मुंबईत निवडीची बातमी आली की दुसऱ्या दिवशी गेटवर दहा बाय आठचा फ्लेक्स, त्यात पोराचा फोटो कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे फोटो त्याच्या दुप्पट. सोसायटीच्या ग्रुपवर तीनशे अंगठे. आणि मुलगा अजून खडकवासल्याच्या गेटातही शिरलेला नसतो. मग पहिल्या टर्ममध्ये नापास झाल्यावर त्याला आठवतो तो फ्लेक्स. माझा अनुभव असा की ‘मला घेऊन जा’ आईला म्हणतात, पण ते वाक्य बापाच्या भीतीने भिजलेलं असतं. तेव्हा फ्लेक्स अजून असेल तर उतरवा आणि पुढच्या रविवारी फोन तुम्ही घ्या. साधं बोला: ‘डिसेंबरात टर्म संपली की तू घरी येणारच आहेस. तेव्हाही तुला नको वाटलं तर आपण दोघं बसून बोलू. मी ओरडणार नाही. तोवर एकेक दिवस काढ.’

हे एकदाच बोलायचं, पण मनापासून. यात दोन गोष्टी होतात. त्याच्या त्रासाला तारीख मिळते. एनडीएची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष कुणालाच पेलत नाही, डिसेंबर पेलतो. आणि घराचं दार उघडं आहे हे कळलं की पळून जायची निकड निम्मी होते. विश्वास ठेवणं म्हणजे ‘तू अधिकारी होणारच’ असं घोकणं, असं बहुतेकांना वाटतं. त्या वाक्याखाली मुलाला अट ऐकू येते. तो अधिकारी झाला नाही तरी आपण त्याचे आईबाप राहणार, हे त्याला पक्कं माहीत असेल तर तो जास्त दिवस टिकतो. आम्ही मैदानावरून बघत आलोय ते हेच.

पैशाचं एक. दाखल होताना तुम्ही एका हमीपत्रावर सही केली आहे. मुलाने स्वतःहून प्रशिक्षण सोडलं तर त्याच्यावर झालेला खर्च, सगळा किंवा काही भाग, सरकार वसूल करू शकतं. हे तुम्हाला माहीत असावं. त्याला फोनवर ऐकवायची ही गोष्ट नाही. तसंच नातेवाईक विचारतील, पगार सुरू झाला का? एनडीएच्या तीन वर्षांत पगार नसतो. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधोपचार सरकारचे. हातखर्च घरचा, आणि घरची मिळकत फार कमी असेल तर त्यासाठी मदतीची तरतूद आहे. दरमहा ५६,१०० रुपयांचं विद्यावेतन सुरू होतं ते शेवटच्या वर्षी, लष्कराचा असेल तर डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत (आयएमए). तोवर काकाला सांगा, वाट बघ.

पोहण्याचं मी फार मनाला लावून घेणार नाही. आपली पोरं खाडीच्या काठावर वाढतात, पण त्यांचा पाण्याशी संबंध पावसाळ्यात ट्रॅकवर साचलेल्या पाण्यापुरता. खडकवासल्यात न पोहता येणारे पुष्कळ येतात, आणि पोहणं टाळता येत नाही. त्यांना जादा सराव लावतात, चाचणी पुन्हा घेतात. बहुतेक जण टर्म संपेपर्यंत तरून जातात. घाबरून आखडणारा मुलगा बुडतो, म्हणून त्याला ‘अजून झाली का पास’ असं दर आठवड्याला विचारू नका. झाली की तोच सांगेल, ओरडून सांगेल.

पण समजा नाही झाला, किंवा पायामुळे खूप दिवस बुडाले, तर रेलिगेशन होऊ शकतं. टर्म मागे जाणं. सहा महिने गेले, आणि काल ज्यांना ज्युनियर म्हणायचं त्यांच्या रांगेत उभं राहायचं. मुलांना यातली सहा महिन्यांची फिकीर नसते, रांगेची असते. काही जण घरी सांगतच नाहीत. रेलिगेट झालेली आणि पुढे उत्तम अधिकारी झालेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. हाताखालच्या जवानाला अपयश आलं की असा अधिकारी त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. तशी बातमी आली तर ‘बरं. पाय बरा आहे ना?’ एवढीच पहिली प्रतिक्रिया असू द्या. अर्थात वारंवार नापास होणाऱ्याला अकादमी ठेवून घेत नाही, हेही खरं.

ऐरोलीकरांची खास अडचण म्हणजे खडकवासला जवळ आहे. द्रुतगती मार्ग मोकळा मिळाला तर तीन तासांत पोचता येतं. म्हणून आजी म्हणते गाडी काढा. त्याच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तो राहतो त्या तुकडीत, मणिपूरचा, केरळचा, उत्तराखंडच्या डोंगरातला मुलगा आहे. त्यांच्या आया रविवारी येऊ शकत नाहीत. तुम्ही परवानगीशिवाय गेटबाहेर उभ्या राहिलात तर त्याला चार मिनिटं भेटाल, आणि पुढचा आठवडाभर सगळा स्क्वाड्रन त्याला ते विसरू देणार नाही. शिवाय पहिल्या टर्मच्या मुलाला ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास झाल्याशिवाय लिबर्टी, म्हणजे बाहेर पडायची मुभा नसते. त्यासाठीच तर आम्ही इतके ओरडत असतो. भेटीची परवानगी असेल त्या दिवशी जरूर जा. डबा न्यायला मुभा असेल तर लाडू-चकल्या त्याच्या एकट्यापुरत्या नेऊ नका. पिशवी उघडताक्षणी दहा हात येतात, आणि यायलाच हवेत.

वशिला लावू नका, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण येते. आपल्याकडे प्रत्येकाच्या मेहुण्याचा कुणीतरी निवृत्त कर्नल असतोच. त्याच्याकरवी ‘आमच्या पोराकडे जरा लक्ष ठेवा’ असा निरोप गेला की तो गुप्त राहत नाही. मग पोरगं जे काही कमावतं ते निरोपाच्या खात्यावर जमा होतं. कोर्सच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तोही मुका करून ठेवा. तिथे एका मुलाला ताप आला की संध्याकाळपर्यंत अर्ध्या कोर्सला डेंग्यू झालेला असतो.

मुलींच्या आईवडिलांचे प्रश्नही आता येतात. २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांना सांगायचं वेगळं काही नाही, फक्त एक गोष्ट जास्त आहे: मुलगी रडली की आजूबाजूचे लगेच म्हणतात, ‘तरी सांगत होतो.’ ते तिच्या कानावर जाणार नाही एवढी व्यवस्था करा.

आता वर जे ‘आणू नका, रडण्याबद्दल अधिकाऱ्यांशी बोलू नका’ म्हणालो ते कुठे लागू होत नाही, ते नीट वाचा.

रगडा आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रगड्यात दम निघतो, अपमान वाटतो, गुडघे सोलतात. पण कुणी हाताने, पट्ट्याने, काठीने मारलं, पाणी तोडलं, रात्र-रात्र झोपू दिलं नाही, कपडे उतरवायला लावले, तर ती शिस्त नव्हे आणि अकादमीलाही ती मान्य नाही. अशा वेळी मुलगा ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणारच. त्याला सांगा की मी सांगणार आहे, आणि मग स्क्वाड्रन कमांडरना लेखी कळवा, काय घडलं, कधी घडलं, शरीरावर कुठे खूण आहे. उत्तर आलं नाही तर त्यांच्या वर, अगदी अकादमीप्रमुख कमांडंटपर्यंत. आरडाओरडा नको, समाजमाध्यमांवर आधी नको, पण गप्प बसणंही नको.

आणि आवाज. रडणारा आवाज बरा असतो. एखाद्या रविवारी तो रडेनासा झाला, सपाट बोलायला लागला, झोप येत नाही म्हणाला, ‘माझा कुणालाच उपयोग नाही’, ‘मी नसतो तर बरं’ असलं काही म्हणाला, तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर येतं. उत्तर काहीही असो, त्याच रात्री डिव्हिजनल ऑफिसरना फोन करा. सकाळची वाट नको, ‘त्याचं करिअर’ हा विचार नको. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. ती तुमच्यासाठीही आहे ताई. पत्रात तुम्ही लिहिलंय की जेवण जात नाही, झोप लागत नाही. लावा फोन.

दुखापतीमुळे कायमचं बाहेर पडावं लागतं असेही कॅडेट असतात. त्यांच्याकडे फार वर्षं कुणाचं लक्ष नव्हतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि त्यानंतर अशा कॅडेटांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. नडगीबद्दल मी एवढं का लिहिलं ते यावरून कळेल. उपचाराची नोंद तिथल्या कागदावर असणं फार गरजेचं असतं. बाहेरून गुपचूप आणलेल्या गोळ्यांची नोंद कुठेच नसते.

अग्निवीरांच्या पालकांसाठी दोन ओळी, कारण दिघा-कळव्यातून तेच जास्त जातात. तिथे प्रशिक्षण काही महिन्यांचं आणि पगार पहिल्यापासून; पहिल्या वर्षी तीस हजारांतले एकवीस हजार हातात, उरलेले चार वर्षांनी मिळणाऱ्या सेवानिधीत. पोरगं बेळगावला किंवा चिल्काला पोचत नाही तोच घरी त्याच्या नावावर हप्ते सुरू होतात. मग तो रडायचंही विसरतो, कारण आता त्याच्या पायावर गाडीचा हप्ता उभा आहे. चार वर्षांनी त्यातल्या चारात फार तर एकालाच पुढे ठेवतात. निदान प्रशिक्षण संपेपर्यंत त्याच्या पगाराला हात लावू नका.

डिसेंबरात तो येईल तेव्हा दोन-तीन दिवस नुसता झोपेल आणि खाईल. पहाटे आपोआप उठून पलंग इतका चापून लावेल की तुम्हाला हसू येईल. बोलण्यात हिंदी-इंग्रजी घुसलेलं असेल, कुणाशीही बोलताना पाठ ताठ. त्याला लगेच डोंबिवलीच्या मामाकडे, ठाण्याच्या आत्याकडे ब्लेझर घालून फिरवू नका. चार दिवसांनी वडिलांनी त्याला घेऊन खाडीच्या बाजूला फिरायला जावं आणि दिलेला शब्द पाळावा: ‘बोल, काय ठरवलंस?’ बरेच जण तोवर विसरलेले असतात की आपण असं काही म्हणालो होतो. त्यांना आठवण करून देऊन लाजवू नका.

आणि तो म्हणाला, बाबा, खरंच नको, तर ऐका. रागात म्हणतोय की विचार करून, ते त्याच्या कारणांवरून कळेल. ‘सीनियर त्रास देतात’ हे कारण पुढच्या टर्मला बरंचसं संपतं, तेवढं सांगून बघा. ‘मला हे आयुष्यच नकोय’ हे कारण निराळं आहे, त्याच्याशी वाद घालू नका. सैन्यात मनाविरुद्ध राहिलेला अधिकारी त्याच्या हाताखालच्या तीसेक जवानांना महागात पडतो, हे मी उस्ताद म्हणून सांगतोय. मग त्याने परत जाऊन डिव्हिजनल ऑफिसरशी समोरासमोर बोलावं आणि अर्ज स्वतः लिहावा. तुम्ही त्याच्या वतीने लिहू नका, आणि सुट्टीवरून परत न जाणं हा मार्ग तर नाहीच. वसुली किती होईल ते लेखी विचारून घ्या. जेईई आणि सीईटीचे फॉर्म हिवाळ्याच्या सुमारास निघतात, त्या तारखा पाहून ठेवा, म्हणजे वर्ष फुकट जाणार नाही. बारावीची मूळ कागदपत्रं अकादमीत जमा असतील तर ती परत घेतल्याची पावती ठेवा. आणि तो येईल त्या दिवशी दादा, तुम्ही रजा टाका, खडकवासल्यापर्यंत स्वतः जा आणि त्याची काळी ट्रंक त्याच्याबरोबर उचला.